शिकाऊ डॉक्टर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णाला तपासायला आधी बहुधा शिकाऊ डॉक्टरच येतो. नातेवाईक मात्र विचारत राहतात, ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ या काळजीमागे काही गैरसमज आहेत.

गैरसमज : इंटर्न (प्रत्यक्ष कामाच्या वर्षातला शिकाऊ डॉक्टर) होईपर्यंत विद्यार्थी फक्त पुस्तकंच वाचतात.
वस्तुस्थिती : एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षापासून वॉर्डातल्या पोस्टिंग सुरू होतात. २०१९पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात तर पहिल्याच वर्षी रुग्णांशी ओळख होते. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत खऱ्या रुग्णाला तपासून निदान मांडावं लागतं.

गैरसमज : तेच प्रश्न पुन्हा विचारतात, म्हणजे कागद कुणी वाचलेच नाहीत.
वस्तुस्थिती : विद्यार्थ्यानं हिस्ट्री (आजाराची सगळी माहिती) स्वतः घ्यायची आणि राउंडला शिक्षकांसमोर मांडायची, ही शिकण्याची रीतच आहे. घाईत सांगायची राहिलेली गोळी किंवा जुनं दुखणं कित्येकदा याच दुसऱ्या विचारपुशीत कळतं.

गैरसमज : आपल्यावर प्रयोग होतात.
वस्तुस्थिती : इंटर्नची नोंदणी तात्पुरती असते आणि तो वरिष्ठांच्या देखरेखीखालीच काम करतो. मृत्यूचा दाखला किंवा पोलीस केसची कागदपत्रं त्याला स्वतःच्या सहीनं देता येत नाहीत. समोरचा डॉक्टर कोण, हे विचारण्याचा आणि विद्यार्थ्याकडून तपासून घ्यायला नकार देण्याचा हक्क रुग्णाला आहे.

गैरसमज : सर्जन व्हायचंय त्याला मनोविकार विभागात पाठवून वेळ वाया जातो.
वस्तुस्थिती : २०२१च्या नियमांनुसार इंटर्नशिपच्या ५२ आठवड्यांपैकी १२ सामुदायिक आरोग्यासाठी, ७ स्त्रीरोग-प्रसूतीसाठी, मेडिसिन आणि सर्जरीसाठी प्रत्येकी ६, बालरोगासाठी ३, तर मनोविकार, अस्थिरोग आणि कॅज्युअल्टीसाठी प्रत्येकी २ आहेत. कारण उद्या हाच डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा असेल. एकाच रात्री तिथे अडलेली बाळंतीण, सर्पदंशाचा रुग्ण आणि कीटकनाशक प्यायलेला तरुण येऊ शकतो. तिघांपैकी कुणालाही ‘हा माझा विषय नाही’ असं सांगता येत नाही. महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांचं बारकाईनं निरीक्षण केलं आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. रुग्णाच्या खाटेशी लागलेली शिस्त लहान गावातही किती मोठं काम करते, हे त्यातून दिसतं.

म्हणूनच इंटर्नशिपचं वर्ष पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात किंवा नुसते तपासणीचे नमुने पोचवण्यात जाऊ नये. विद्यार्थ्यानं वॉर्डात थांबावं, शिक्षकांनी शेजारी उभं राहून शिकवावं आणि रुग्णानं मोकळेपणानं बोलावं. गावातला पुढचा डॉक्टर या तिघांच्या मेहनतीतूनच तयार होतो.