बेस गिटार आणि पाच रेषा : वाचणं म्हणजे नेमकं काय?

गेल्या वेळी आपण भाषा आणि लिपी यांच्या नात्याबद्दल बोललो होतो. आज संगीताची लिपी घेऊ, आणि उदाहरण घेऊ बेस गिटारचं. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे कुठून सुचलं? सांगतो. माझा नातू शिकायला परदेशी गेला आणि त्याचं वाद्य आमच्या घरी राहिलं. वर्षभर ते कपाटाशेजारी उभं होतं. मग वयाच्या ७३व्या वर्षी मीच ते उचलून एका तरुण शिक्षकाकडे जायला लागलो.

तिथे एक गोष्ट लक्षात आली, तीच आज मांडायची आहे. लिपी समजणं वेगळं आणि लिपी वाचणं वेगळं. पहिलं मला चार दिवसांत जमलं. दुसरं अजून जमतंच आहे.

आधी समजण्याचा भाग उरकून घेऊ. बेस गिटारला चार तारा असतात. जाड तारेकडून बारीक तारेकडे त्यांची नावं ई, ए, डी, जी. पेटी वाजवणाऱ्यांसाठी सांगतो : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. जाड तारेला सा मानलं, तर शेजारची तार शुद्ध मध्यमाची. त्या मध्यमाला सा माना, की पुढची तार पुन्हा मध्यम. मानेवर सतारीसारखे पडदे असतात, पण पक्के बसवलेले, न सरकणारे. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ साली जो इलेक्ट्रिक बेस आणला, त्याचं नाव ‘प्रिसिजन बेस’ ठेवलं ते या पडद्यांमुळेच. उभ्या डबल बेसला पडदे नसतात, तिथे सूर कानाने शोधावा लागतो.

आता कागद. पाच आडव्या रेषा आणि सुरुवातीला एक चिन्ह, ‘बेस क्लेफ’. दिसायला कानासारखं, उजवीकडे दोन टिंबं. ही टिंबं शोभेची नाहीत. त्यांच्या मधून जाणारी रेषा, म्हणजे खालून चौथी, ती ‘एफ’, आपली पांढरी चार. हे एक ठरलं की बाकी सगळं ठरतं. रेषा, घर, रेषा, घर अशी पायरी-पायरीने मोजत जायचं. डीची मोकळी तार बरोबर मधल्या रेषेवर येते. ए सगळ्यात खालच्या घरात, जी सगळ्यात वरच्या घरात. जाड ईला मात्र पाच रेषांत जागाच नाही. तिच्यासाठी खाली एक छोटी जादा रेषा मारतात.

आणखी एक गंमत. कागदावर जो सूर लिहिलेला असतो, तो या वाद्यावर एक सप्तक खाली वाजतो. मोकळी ए तार सेकंदाला ५५ कंपनं करते, कागदावरचा ए मात्र ११० कंपनांचा. वाजतं तसंच लिहायचं ठरवलं तर खाली जादा रेषांची शिडीच लागली असती. म्हणून सोयीसाठी वर लिहायचं, हा डबल बेसपासून चालत आलेला करार आहे. लिपी ही करारावर चालते, हे आपण गेल्या वेळी पाहिलंच होतं.

आपल्याकडच्या भातखंडे पद्धतीशी तुलना केली की फरक चटकन कळतो. तिथे ‘सा’ लिहिला की तो कुणाचाही सा असतो. गाणारीने काळी पाच धरावी, गाणाऱ्याने काळी एक. तिथे सुरांची आपसातली नाती लिहिलेली असतात. पाच रेषांच्या लिपीत ठरावीक उंचीचा सूर लिहिलेला असतो. म्हणूनच सरगम येणारा माणूस इथे थोडा बिचकतो. मीही बिचकलो.

आता नवशिक्यांचा हमखास प्रश्न : एवढं कशाला, ‘टॅब’ आहे की! टॅबमध्ये चार रेषा म्हणजे चार तारा, आणि रेषेवरचा आकडा म्हणजे पडदा. आकडा दिसला की बोट ठेवायचं. पाच मिनिटांत काहीतरी वाजायला लागतं आणि तो आनंद खरा असतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण नीट बघा. टॅब सांगते बोट कुठे ठेवायचं. किती वेळ वाजवायचं, हे साध्या टॅबमध्ये बहुधा नसतंच. गाणं आधी ऐकलेलं असावं लागतं. पाच रेषांची लिपी उलटी आहे. कुठला सूर, केव्हा आणि किती वेळ, एवढं ती सांगते. बोट कुठे, याबद्दल बहुतेक वेळा गप्प. मधल्या रेषेवरचा डी घ्या. तो मोकळ्या डी तारेवर मिळतो, ए तारेच्या पाचव्या पडद्यावर मिळतो आणि ई तारेच्या दहाव्या पडद्यावरही. सूर एकच, पण जाड तारेवर त्याचा आवाज भरदार येतो. कुठला घ्यायचा? आधी हात कुठे होता आणि पुढे कुठे जायचंय, यावर ते ठरतं. लिपी जिथे गप्प बसते, तिथे वादकाचा निर्णय सुरू होतो.

इथपर्यंत सगळं मला समजलेलं होतं. मी ते फळ्यावर शिकवू शकलो असतो. आणि तरी वाजवता येत नव्हतं! मी रेषा मोजायचो, मग नाव काढायचो, मग तार शोधायचो, मग पडदा. तोवर मात्रा केव्हाच निघून गेलेली असायची. तिसऱ्या तासाला शिक्षकांनी माझ्या हातातलं वाद्य काढून घेतलं आणि म्हणाले, “सर, आधी टाळी.”

महिनाभर टाळी. चार मात्रांचा गोल, दोन मात्रांचा पोकळ, एका मात्रेचा भरीव, शेपटी लागली की अर्धी मात्रा. सुरांची नावं नाहीत, नुसता काळ. नंतर एकाच मोकळ्या तारेवर तेच. नियम एक : सूर चुकला तर चालेल, पण थांबायचं नाही. त्यामागचं कारण मला उशिरा कळलं. बेस चुकीच्या सुरावर गेला तर गाणं तोंड वाकडं करतं, पण चालत राहतं. बेस थांबला तर सगळ्यांच्या पायाखालची जमीन जाते.

विरामाचंही तसंच. त्याला स्वतःचं चिन्ह असतं. आपली ‘खाली’ म्हणजे शांतता नव्हे. हा विराम म्हणजे खरोखर शांतता. पण बेसची तार छेडली की वाजतच राहते. म्हणजे विराम नुसता पाळून भागत नाही, हात ठेवून तार बंद करावी लागते. न वाजवणं हेसुद्धा हाताचं काम आहे.

विट्गेनस्टाइनच्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या १९५३ साली निघालेल्या पुस्तकात वाचनावर बराच विचार आहे. तो विचारतो, वाचायला शिकणाऱ्या मुलाने खऱ्या अर्थाने वाचलेला पहिला शब्द कोणता? आणि दाखवून देतो की असा पहिला शब्द दाखवता येत नाही. हे मी वर्गात कित्येक वर्षं शिकवलं. ते पटलं मात्र बेस हातात घेतल्यावर. अमुक दिवशी मला वाचता आलं, असं मी सांगू शकत नाही. एवढंच लक्षात आलं की मोजणं बंद झालंय, आणि टिकली दिसल्याबरोबर हात निघालाय.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पॉल मॅकार्टनी यांना ही लिपी वाचता येत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. मग? खरंच आहे, संगीतासाठी वाचन अनिवार्य नाही. आपले कितीतरी गवई त्याचा पुरावा आहेत. पण दुसरी बाजू पाहा. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना ही लिपी शिकवली जायची. त्यातले कितीतरी जण मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझा कागदावर वाद्यमेळ लिहीत आणि समोर बसलेले वादक ते वाचून वाजवत. न ऐकलेलं संगीत अनेकांनी मिळून उभं करायचं, तर कुणीतरी लिहावं लागतं आणि बाकीच्यांना वाचता यावं लागतं.

आमच्या घरातली गोष्ट सांगून थांबतो. नातवाने गेल्या महिन्यात फोनवर एका कागदाचा फोटो पाठवला. आठ ओळी, स्वतः रचलेल्या. सोबत रेकॉर्डिंग नाही, टॅब नाही. दोन दिवस बसलो, आणि न ऐकलेली एक चाल आमच्या बैठकीच्या खोलीत वाजली. मी ती त्याला फोनवर वाजवून दाखवली. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, पाचव्या ओळीत दोन मात्रांचा विराम आहे. तुम्ही वाजवतच राहिलात.”

कागद पुन्हा पाहिला. विराम होता. रोज बसतोय त्याच्यावर.