नापासांचा संघ

युद्धकाळातल्या बेसबॉलकडे शौकीन जरा नाक मुरडूनच बघतात. खरे खेळाडू आघाडीवर, मैदानात उरलासुरला माल! मला मात्र संघबांधणी म्हणजे काय, हे त्या उरल्यासुरल्यांमुळेच कळलं.

जानेवारी 1942 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांना पत्र पाठवलं. लोकांना विरंगुळा हवा, खेळ चालू ठेवा. पण लष्करी वयाच्या खेळाडूंना सूट नाही. झालं, संघचालकांचं गणितच बदललं. भरती मंडळ प्रत्येक तरुणाला एक वर्ग देई. ‘वन-ए’ म्हणजे धडधाकट, कधीही बोलावणं येणार. ‘फोर-एफ’ म्हणजे नापास. एरवी खेळाडूची बॅट आणि खांदा बघायचा. आता त्याचा गुडघा दुखतो का, हेही विचारायचं आणि दुखत असला तर मनातल्या मनात हुश्श करायचं. पण तो इतकाही दुखता कामा नये की गड्याला धावताच येऊ नये.

या गणितात सेंट लुईस ब्राऊन्सची चंगळ झाली. 1902 पासून या संघाने अमेरिकन लीग एकदाही जिंकली नव्हती. यँकीजचा डिमॅजिओ, बोस्टनचा विल्यम्स, क्लीव्हलँडचा फेलर असे मोहरे सैन्यात गेले. ब्राऊन्सकडे त्या तोडीचा मोहराच नव्हता, मग गमावणार काय? त्यांचा शॉर्टस्टॉप व्हर्न स्टीफन्स गुडघ्यामुळे नापास ठरलेला. 1944 मध्ये लीगमध्ये सर्वाधिक, 109 धावा त्याच्या फटक्यांवर निघाल्या.

दुसरी वाट कारखान्यातून जाई, कारण युद्धाच्या कामात असलेल्याची भरती लांबे. पिचर डेनी गेलहाउस आठवडाभर ॲक्रनच्या विमान कारखान्यात राबायचा, शनिवारी रात्री रेल्वे पकडायचा आणि रविवारी संघ असेल तिथे चेंडू टाकायचा. पुढे त्याने नोकरी सोडली. पण मोसमाच्या सुरुवातीला दर रविवारपुरता का होईना, एक अनुभवी हात मिळत होता.

1 ऑक्टोबरला, शेवटच्या दिवशी, ब्राऊन्स आणि डेट्रॉइट बरोबरीत. समोर यँकीज. चेंडू सिग जाकुकीच्या हाती. 1936 नंतर थेट 1944 मध्ये मोठ्या लीगमध्ये परतलेला गडी. यँकीज 2-0 पुढे. मग युद्धसामग्रीच्या कारखान्यात काम केलेल्या चेट लाब्जने दोन होम रन मारले, त्यात स्टीफन्सच्या एकाची भर पडली, सामना 5-2. तिकडे डेट्रॉइट वॉशिंग्टनकडून हरलं. 89 विजय, एका सामन्याची आघाडी.

जागतिक मालिकेत गाठ पडली त्याच गावच्या कार्डिनल्सशी, तीही दोघांच्या सामायिक मैदानावर. पहिला सामना गेलहाउसने 2-1 असा जिंकून दिला. मालिका मात्र कार्डिनल्सनी 4-2 अशी नेली. घरटंचाईमुळे दोन्ही संघांचे व्यवस्थापक, सेवेल आणि साउथवर्थ, वर्षभर एकच फ्लॅट वापरत होते, कारण एक गावात असे तेव्हा दुसरा दौऱ्यावर. मालिकेला दोघेही गावातच आले, आणि एकाला दुसरी जागा शोधावी लागली.