गॉटिंगेनचें विद्यापीठ : त्याची घडण व त्याचा ग्रंथसंग्रह

पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्याची मुंबई संस्कृत ग्रंथमालेंतील आवृत्ति ज्यांच्या वापरांत आहे, त्यांस फ्रान्झ कीलहॉर्न हें नांव नव्यानें सांगावयास नको. हे पंडित १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत अध्यापक होते. १८८२ त ते जर्मनींतील गॉटिंगेन विद्यापीठांत संस्कृताचे प्राध्यापक झाले व १९०८ त मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस सन्मानाची पीएच्. डी. पदवी १८८५ त दिली ती याच विद्यापीठानें. पुण्याशीं असा ऋणानुबंध असलेल्या या संस्थेची घडण कशी झाली, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं अवश्य जाणून घ्यावें असें वाटल्यावरून तिचा वृत्तांत येथें संक्षेपानें देतों.

हॅनोव्हरचा इलेक्टर व इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच्या आश्रयानें हें विद्यापीठ निघालें. अध्यापनास १७३४ त आरंभ झाला व १७३७ त विधिपूर्वक उद्घाटन झालें. व्यवस्थेचा भार म्युन्शहाउझेन या मंत्र्यानें वाहिला. ईश्वरविद्या, कायदा, वैद्यक व तत्त्वज्ञान अशा चार विद्याशाखा जुन्या प्रघाताप्रमाणेंच ठेविल्या. परंतु अन्य शाखांच्या शिकवणीवर व लेखनावर देखरेख करण्याचा जो अधिकार इतरत्र ईश्वरविद्येच्या शाखेकडे असे, तो येथें तिला दिला नाहीं. इतिहास, गणित व भाषा हे विषय तत्त्वज्ञानशाखेंत येत. त्यांस या मोकळीकीचा लाभ विशेष झाला.

अध्यापकवर्गाची रचनाही ध्यानांत घेण्याजोगी आहे. विषयाचें पीठ ज्याच्याकडे असे, तो प्रमुख प्राध्यापक. त्याची नेमणूक व वेतन सरकारकडून होई. त्याच्याखालीं ‘प्रिव्हाटडोझेंट’ नांवाचे तरुण विद्वान असत. त्यांस शिकविण्याचा अधिकार मिळे, पण नियमित वेतन नसे. विद्यार्थी जी फी देत तीवर निर्वाह. व्याख्यानांखेरीज ‘सेमिनार’ म्हणून एक वर्ग असे. त्यांत मूळ ग्रंथ पुढें ठेवून पाठांची चिकित्सा विद्यार्थ्यांनीं स्वतः करावयाची. भाषाशास्त्राचा असा वर्ग गेस्नर या पंडितानें विद्यापीठाच्या आरंभकाळींच काढिला होता.

परंतु गॉटिंगेनचा खरा लौकिक त्याच्या ग्रंथालयावर उभा आहे. ब्यूलो घराण्याच्या संग्रहांतील सुमारें ९,००० ग्रंथ ही त्याची मूळ पुंजी. क्रिश्चन गॉटलोब हाइने हा १७६३ पासून १८१२ पर्यंत ग्रंथपाल होता. त्याच्या अमदानींत संग्रह सुमारें २,००,००० ग्रंथांपर्यंत वाढला. हाइनेनें शोभेच्या व दुर्मिळपणाच्या हौसेनें खरेदी केली नाहीं. कोणत्या विषयास काय हवें हें पाहून तो वर्षानुवर्षें नियमितपणें ग्रंथ घेई. आलेला प्रत्येक ग्रंथ आवकवहींत, नांववार यादींत व विषयवार यादींत नोंदिला जाई. १७३९ पासून तेथें विद्वत्परीक्षणाचें नियतकालिक निघत असे. त्यामुळें देशोदेशींचे नवे ग्रंथ येत व त्यांचें परीक्षणही होई. १७५१ त शास्त्रसभा स्थापन झाली. विद्यापीठ, ग्रंथालय व सभा हीं तिन्ही परस्परांस पोषक ठरलीं.

राजाश्रयानें वाढलेल्या विद्येस राजकोपही सोसावा लागतो. १८३७ त नवा राजा अर्न्स्ट ऑगस्ट यानें १८३३ ची राज्यघटना रद्द केली. घेतलेली शपथ मोडणार नाहीं, असें सात प्राध्यापकांनीं लिहून दिलें. ग्रिम बंधु, भौतिकशास्त्रज्ञ वेबर व संस्कृतही शिकविणारा एवाल्ड हे त्यांत होते. सातही जणांस पदच्युत केलें; तिघांस तर तीन दिवसांत देश सोडावा लागला. एवाल्ड टुबिंगेनास गेला व तेथें पुढें वेदज्ञ म्हणून प्रसिद्धीस आलेला रुडॉल्फ रोट त्याचा शिष्य झाला. विद्वानाबरोबर विद्याही स्थलांतर करिते ती अशी.

१८६६ त हॅनोव्हर प्रशियांत विलीन झालें व विद्यापीठही प्रशियाकडे गेलें. पंचतंत्राचा भाषांतरकार बेन्फाय याच्यामागून संस्कृताचें पीठ त्याचा शिष्य कीलहॉर्न याजकडे आलें. पुण्यांत शास्त्र्यांच्या सहवासांत मिळविलेली व्याकरणाची जाण आणि सरकारी शोधकार्यांत हस्तलिखितें हाताळण्याचा अनुभव ही शिदोरी त्यानें बरोबर नेली. शिलालेखांच्या याद्या व कालगणनेचे निर्णय हें त्याचें कार्य इतिहाससंशोधकांस आजही उपयोगी पडतें. त्याच्या निधनानंतर त्याचीं संस्कृत हस्तलिखितें १९०८ त विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आलीं. त्यांची यादी रिचर्ड फिक यानें केली ती १९३० त छापली गेली.

पुढें १९३३ त नाझी सत्तेनें १८३७ पेक्षां कठोर प्रहार केला. गणितज्ञ एमी नोएथर व कूरंट, भौतिकशास्त्रज्ञ बॉर्न हे ज्यू कुलांतील म्हणून पदावरून दूर केले गेले. फ्रांक यानें निषेधार्थ राजीनामा दिला. गणित व भौतिकशास्त्र यांचें तेथील वैभव थोड्याच महिन्यांत लयास गेलें. ग्रंथ मात्र तेथेंच होते. महायुद्धानंतर १९४५ त विद्यापीठ पुन्हा उघडलें. चार शाखांच्या पुढें तेरा झाल्या, विद्यार्थी २०,००० हून अधिक झाले, आणि २००३ पासून हें विद्यापीठ सार्वजनिक न्यासाच्या रूपानें चालत आहे.

या वृत्तांतावरून आम्हांस दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. नुसता संग्रह म्हणजे विद्या नव्हे. त्यास निर्भयपणें वाचणारे हवेत, आणि ते एकदां घालविले म्हणजे सहजीं परत येत नाहींत. दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. डेक्कन कॉलेजांतील सरकारी हस्तलिखितें १९१८ त भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झालीं, म्हणून तीं अभ्यासकांच्या उपयोगीं पडलीं. गॉटिंगेनसारख्या व्यवस्थित ठिकाणींही कीलहॉर्नच्या पोथ्यांची यादी छापून निघण्यास बावीस वर्षें लागलीं. मग ज्या पोथ्या व दप्तरें वाड्यांच्या माळ्यावर रुमालांत बांधलेलीं आहेत, त्यांची गति काय? संग्राहकांनीं निदान आपल्या हयातींत यादी तरी करून ठेवावी, एवढीच आमची विनंति आहे.