अनुकृतीतून तैलव्यक्तिचित्रणाचे अध्ययन

तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकविताना थोर चित्राची अनुकृती करवून घ्यावी काय, हा वाद जुना आहे. अनुकृतीने विद्यार्थ्याची स्वतंत्र दृष्टी मारली जाते, हा आक्षेप सर्वपरिचित आहे. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते खरा प्रश्न ती कशावरून केली जाते, हा आहे.

या संदर्भात मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे उदाहरण बोलके ठरते. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती कॅनव्हासवर तैलरंगांत केल्या. मूळ चित्रांचे माध्यम तैलरंग नव्हते. त्यामुळे प्रत्येक छटा नव्याने शोधणे क्रमप्राप्त होते. या कामातील एक प्रमुख विद्यार्थी पेस्तनजी बोमनजी पुढे तैलव्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपास आले.

कर्जत-खालापूर परिसरातील विद्यार्थ्यासमोर मात्र बहुधा छापील चित्र किंवा मोबाइलचा पडदा असतो. येथून बोरघाट चढून गेल्यावर, लोणावळ्यापलीकडे मळवली येथे एकेकाळी राजा रविवर्मा यांनी स्थापन केलेला शिळाछापखाना होता. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे तेथे हलविण्यात आला. तैलचित्र छापण्यासाठी त्यातील रंग अलग करून प्रत्येकासाठी स्वतंत्र शिळा करावी लागे. अशा छापील चित्रात मुखाकृती दिसते. रंगाची जाडी, कुंचल्याचा दाब आणि खालचा थर दिसत नाही. अनुकृती करणाऱ्यास नेमके तेच शिकावयाचे असते.

म्हणून छापील चित्र घ्यावेच लागले, तर चौकटी आखून रेखाटन झाल्यावर लगेच त्वचेच्या रंगाकडे वळू नये. प्रथम तपकिरी रंगाने एकरंगी छायाप्रकाश पूर्ण करावा. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ ठेवावेत आणि वरच्या थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवावे. उलट केल्यास कालांतराने रंगास तडे जातात. डोळे व ओठ विद्यार्थी हौसेने रंगवितात. पण गालाची कडा पार्श्वभूमीत कोठे विरते, हे पाहणे अधिक कठीण आहे. तेथे घाई चालत नाही.

मूळ चित्र पाहण्यास मात्र पर्याय नाही. कर्जत व खोपोली दोन्ही ठिकाणांहून लोकलने मुंबई गाठता येते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तैलचित्रे आहेत. सहलीत सारी दालने धावत पाहण्याऐवजी एकाच चेहऱ्यासमोर वही घेऊन तासभर बसविण्याचे नियोजन विभागांनी करावे.