कोर्टाची पायरी चढलेली माणसे

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या पूर्वजांबरोबर जहाजात बसून या बेटावर आली, आणि आपल्या घरांतून ती आजही ऐकू येते. शेताच्या बांधावरून भांडण झाले, वाटणीवरून भावाभावांत तंटा लागला, की वडीलधारी मंडळी हेच सांगतात. त्यात अनुभवाचे शहाणपण आहे, हे कोणी नाकारणार नाही. कोर्टात वेळ जातो, पैसा जातो, आणि नात्यातली बोलाचाली बंद होते ती वेगळीच.

परंतु वाचकहो, भाऊबंदकीचा तंटा वेगळा, आणि ज्याच्या हाती सत्ता, पैसा व चाबूक आहे त्याच्याविरुद्ध गरिबाने न्याय मागणे वेगळे. असा न्याय मागणारी साधी माणसे हिंदी महासागरातील आपल्या या बेटांवर होऊन गेली. त्यांच्यापैकी तिघांच्या हकिकती येथे देत आहोत. काळ निराळा, कायदा निराळा. तरी तिन्हींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कागदावर काय लिहिले आहे, आणि तो कागद कोणाला वाचता येतो, यावर गरिबाच्या न्यायाचे भवितव्य ठरते.

चंद्रनगरच्या दासीचा मुलगा

आपल्या शेजारचे रियुनियन बेट पूर्वी बूर्बों या नावाने ओळखले जाई. अठराव्या शतकात बंगालमधील चंद्रनगर येथील माडलेन नावाच्या एका हिंदी मुलीला प्रथम फ्रान्सला आणि तेथून बूर्बोंला नेण्यात आले. तेथे ती रुतिए नावाच्या घराण्यात दासी होती. १७८६ साली तिला मुलगा झाला, त्याचे नाव फ्युर्सी. पुढे १७८९ साली मालकिणीने माडलेनला मुक्त केल्याचा कागद केला. परंतु ही गोष्ट तिला कित्येक वर्षे कोणी सांगितलीच नाही. ती त्याच घरात पूर्वीसारखी राबत राहिली, आणि मुलगाही गुलाम म्हणूनच वाढला.

मालकिणीच्या मृत्यूनंतर फ्युर्सी तिच्या नात्यातील जोझेफ लॉरी याच्याकडे गेला. एवढ्या वर्षांच्या कामाचा पगार माडलेनला येणे होता. आपण तो सोडून देतो, त्याबदली मुलाला मोकळे करावे, अशी तिची मागणी होती. तिला लिहितावाचता येत नव्हते. पगारावरचा तिचा हक्क गेला, मुलाची सुटका मात्र झाली नाही.

१८१७ साली माडलेन वारली. तिच्यामागे राहिलेली कागदपत्रे तिच्या मुलीच्या, म्हणजे फ्युर्सीच्या बहिणीच्या हाती लागली, आणि सारा प्रकार उघडकीस आला. फ्युर्सीने लॉरीचे घर सोडले आणि आपण स्वतंत्र आहोत असे जाहीर केले. लॉरीने त्याला पळालेला गुलाम म्हणून तुरुंगात टाकविले. जिल्बेर बूशे नावाच्या सरकारी वकिलाने फ्युर्सीची बाजू घेतली, तर मळेवाल्यांच्या रोषामुळे त्यालाच बेट सोडावे लागले. बूर्बोंच्या दोन्ही न्यायालयांत फ्युर्सी हरला.

१८१८ साली लॉरीने त्याला आपल्या मॉरिशसमध्ये पाठविले आणि तो ऊसमळ्यावर राबू लागला. तेथूनही तो फ्रान्सला बूशेकडे पत्रे लिहीत राहिला. अखेर त्याला या बेटावर आणल्याची रीतसर सरकारी नोंदच झालेली नव्हती, हे उघड झाले आणि १८२९ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याला मोकळे केले. मग त्याने येथेच मिठाईचा धंदा केला आणि पोट भरले.

येथे दुसरा कोणी थांबला असता. फ्युर्सी थांबला नाही. इंग्रजांनी दिलेली मोकळीक त्याला पुरेशी वाटत नव्हती. आपण जन्मापासूनच स्वतंत्र होतो, आणि आपल्याला गुलाम ठेवले हाच अन्याय होता, असा न्यायालयाचा शब्द त्याला हवा होता. तो पॅरिसला गेला. २३ डिसेंबर १८४३ रोजी पॅरिसच्या न्यायालयाने निकाल दिला की फ्रान्सच्या भूमीवर पाऊल टाकताच माडलेन स्वतंत्र झाली होती, म्हणून तिचा मुलगा स्वतंत्रच जन्मला. दावा सुरू झाला तेव्हा फ्युर्सी एकतीस वर्षांचा होता. निकाल लागला तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा झाला होता.

नऊ हजारांची फिर्याद

दुसरी हकिकत आपल्या स्वतःच्या घरची आहे. शर्तबंद मजुरांत कलकत्त्याहून आलेले बिहारी होते, मद्रासकडून आलेले तमिळ व तेलुगू होते, आणि मुंबई बंदरातून आलेले आपले मराठी पूर्वजही होते. कायद्याने या मजुराला तक्रार करण्याचा हक्क दिलेला होता. पगार मिळाला नाही, मारहाण झाली, तर पगारी मॅजिस्ट्रेटकडे जावे असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात मॅजिस्ट्रेटचे कोर्ट मैलोगणती दूर. परवानगीवाचून एस्टेट सोडली की गैरहजेरी भरली जाई. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांचा पगार कापण्याची दुहेरी कपात होतीच. शिवाय त्याच कोर्टात मालकही मजुराला खेचू शके, आणि मजुराची शिक्षा तुरुंगाची असे. न्याय मागायला गेलेला माणूसच आरोपी होऊन परत येई.

१८६७ च्या कायद्याने यावर कडी केली. करार संपलेल्या जुन्या मजुरालाही फोटो चिकटवलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगावा लागे. ते नसेल तर भटक्या म्हणून अटक. मुलाबाळांना भेटायला दुसऱ्या गावी निघालेला माणूस वाटेतच धरला जाई. एका कागदाच्या तुकड्यावर माणसाचे स्वातंत्र्य टांगलेले होते.

अशा वेळी एकट्याने कोर्टात जाऊन काही होण्यासारखे नव्हते. तेव्हा मजुरांनी एकत्र येऊन थेट गव्हर्नरपुढे फिर्याद मांडली. आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपियन मळे-व्यवस्थापकाने, राजरत्नम मुदलियार यांच्या साहाय्याने, अर्ज तयार करविला. ६ जून १८७१ रोजी सादर झालेल्या या अर्जावर ९,४०१ मजुरांची नावे होती. तिकिटाशिवाय रस्त्यावरून चालण्याची ज्यांना चोरी होती, त्यांनी आपले नाव उघडपणे सरकारपुढे ठेवले. यास किती धैर्य लागले असेल, याचा विचार आपण करावा. द प्लेवित्झला तर पोर्ट लुईच्या भर रस्त्यात एका मळेवाल्याने मारहाण केली.

या अर्जामुळे लंडनहून रॉयल कमिशन नेमले गेले. विल्यम फ्रिअर आणि व्हिक्टर विल्यमसन हे त्याचे सभासद १८७२ साली येथे आले. त्यांतले फ्रिअर मुंबई इलाख्याच्या नोकरीत राहिलेले गृहस्थ होते. कमिशनचा अहवाल १८७५ साली बाहेर पडला. पोलीस व मॅजिस्ट्रेट यांच्याकडून मजुरांवर अन्याय होत असल्याचे त्यात स्पष्टपणे नमूद झाले, आणि १८७८ साली मजुरांचा कायदा नव्याने करण्यात आला. सारे दुःख सरले असे मात्र नाही. पुढे १९०७ साली बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर या बेटावर आले, तेव्हाही कोर्टात मजुरांची बाजू मांडणाऱ्याची गरज तितकीच होती.

चागोसवासीयांचे अंगठे

तिसरी हकिकत आपल्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. १९६५ साली ब्रिटिशांनी चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला. दिएगो गार्सियावर अमेरिकन तळ उभारण्यासाठी १९७३ पर्यंत तेथील सर्व रहिवाशांना हलविण्यात आले. त्यांतले बहुतेक पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत येऊन पडले.

१९७५ साली मिशेल वेंकटेसन या चागोसवासीयाने लंडनच्या हायकोर्टात ब्रिटिश सरकारवर दावा लावला. इकडे शार्लेझिया अलेक्सिस, लिझेत तालात यांच्यासारख्या स्त्रियांनी पोर्ट लुईत मोर्चे काढले, उपोषणे केली, तुरुंगवास सोसला. १९८२ साली तडजोड होऊन ब्रिटनने ४० लाख पौंड दिले. ते पैसे घेताना लोकांकडून इंग्रजीतील कायदेशीर कागदांवर अंगठे घेण्यात आले. परत जाण्याचा हक्क आपण सोडून देत आहोत, असा त्या कागदांचा अर्थ होता. अंगठा उठविणाऱ्यांपैकी अनेकांना इंग्रजी येत नव्हते, वाचताही येत नव्हते. माडलेनची गत दीडशे वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा दिसली ती अशी.

पुढे विजेची कामे करणारे ऑलिव्हिए बांकूल लंडनच्या हायकोर्टात उभे राहिले, आणि ३ नोव्हेंबर २००० रोजी त्यांनी खटला जिंकला. २००४ साली ब्रिटिश सरकारने राणीच्या हुकुमाने परतीची वाट पुन्हा बंद केली. बांकूल पुन्हा कोर्टात गेले, दोनदा जिंकले, आणि २००८ साली लॉर्ड्सच्या न्यायासनापुढे तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. २०१२ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तर तो १९८२ चा समझोताच पुढे केला आणि दाद देण्याचे नाकारले. ते अंगठे तीस वर्षांनी आडवे आले. तरीही वाट अगदीच बुजली नाही. २०१९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस तोडणे बेकायदेशीर होते असे मत दिले, आणि मे २०२५ मध्ये चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर दोन्ही सरकारांच्या सह्या झाल्या. ज्या वृद्धांनी पहिला मोर्चा काढला, त्यांच्यापैकी किती तरी जण तोवर परक्या मातीत मिसळून गेले होते.

मग म्हण खोटी की खरी?

या हकिकती वाचून कोणी म्हणेल, पाहा, म्हण खरीच ठरली. सव्वीस वर्षे झगडून मिळाले काय? हा प्रश्न खोटा नाही. न्याय मागणाऱ्या साध्या माणसाला निकालाच्या आधीच फार मोठी किंमत द्यावी लागते, आणि पुष्कळदा फळ त्याच्या नातवंडांच्या ओटीत पडते. परंतु फ्युर्सी न्यायालयात गेला नसता तर त्याच्या आईचे नावही आज कोणास ठाऊक नसते. बूशेने जपून ठेवलेले फ्युर्सीचे कागद २००५ साली पॅरिसच्या लिलावात निघाले, ते रियुनियनच्या दप्तरखान्याने विकत घेतले, आणि तेथे ती कहाणी पुन्हा जिवंत झाली. ९,४०१ मजुरांचा अर्ज नसता तर आपल्या पणजोबांच्या हालअपेष्टांची कथा केवळ मालकांच्या तोंडूनच आपल्याला ऐकावी लागली असती.

म्हणून म्हणीला एवढीच पुस्ती जोडावी. क्षुल्लक तंट्यासाठी कोर्टाची पायरी चढू नये, हे खरेच. पण जेव्हा चढावी लागते तेव्हा एकट्याने चढू नये, आणि रिकाम्या हाताने तर मुळीच नाही. आपल्याकडे अजूनही जमिनीचे व्यवहार, उसन्या रकमा, नोकरीच्या अटी तोंडी ठरतात, आणि मग बोलाचीच कढी बोलाचाच भात होतो. न वाचलेल्या कागदावर सही करू नये. वाचता येत नसेल तर वाचून दाखवणारा आपल्या विश्वासाचा माणूस शोधावा. घरातील जुनी दस्तऐवजे वाळवीच्या हवाली करू नयेत.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाची नोंदणीपुस्तके आणि छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत. सवड काढून मुलांना तेथे घेऊन जावे. एकेकाळी माणसाला अडवण्यासाठी केलेल्या त्या नोंदी आज त्याच माणसाच्या पणतवंडांना आपले गाव आणि आपले नाव परत देत आहेत.