दाब, धारा आणि गिझरचा हिशेब
विजेच्या उपकरणाच्या दोन टोकांमधला दाब आणि त्यातून वाहणारी धारा कळली, की आणखी दोन गोष्टी निव्वळ हिशेबाने काढता येतात. दाबाला धारेने भागले की रोध मिळतो आणि दाबाला धारेने गुणले की शक्ती. दाब व्होल्टमध्ये व धारा अँपिअरमध्ये घेतली, तर रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये येते. गुणाकारामागचे कारण सोपे आहे. एक व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे एक ज्यूल ऊर्जा आणि एक अँपिअर म्हणजे दर सेकंदाला एक कूलोम प्रभार. दोन्ही गुणले की दर सेकंदाला किती ज्यूल ऊर्जा खर्च होते ते कळते. त्यालाच वॅट म्हणतात.

भागाकाराचा नियम मात्र प्रयोगातून सापडला. गेओर्ग ओहम हे जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळामास्तर होते. त्या काळच्या विद्युतघटांचा दाब वापरता वापरताच उतरत असे, त्यामुळे मोजमापे जुळत नसत. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे यांचे सांधे वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला की तापमानातल्या फरकामुळे तयार होणारा दाब स्थिर राहतो. या साध्या युक्तीनेच पुढचे सगळे शक्य झाले. १८२७ साली हा नियम मांडणारे त्यांचे पुस्तक निघाले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोप्ले पदक मिळायला मात्र १८४१ उजाडले.

घरातला गिझर या हिशेबासाठी उत्तम. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. २,००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध साधारण २६.५ ओहम. गिझरला १६ अँपिअरचे सॉकेट का लागते आणि ६ अँपिअरचे का चालत नाही, याचे उत्तर ८.७ अँपिअर या एका आकड्यात आहे.

आता संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर उतरला असे धरू. कॉइल तीच, रोधही जवळपास तोच. धारा ६.८ अँपिअर होते आणि शक्ती सुमारे १,२२५ वॅट उरते. दाब कमी झाला सुमारे २२ टक्क्यांनी, शक्ती मात्र ३९ टक्क्यांनी. दाबाबरोबर धाराही उतरते, म्हणून शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. एरवी अर्ध्या तासात तापणाऱ्या पाण्याला तेव्हा पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो.

इथे एक प्रश्न हमखास पडतो: रोध जास्त असला की उष्णता जास्त, की कमी? शक्ती दाबाच्या वर्गाला रोधाने भागून काढता येते, तशीच धारेच्या वर्गाला रोधाने गुणूनही. दोन्ही सूत्रे खरी आहेत. स्थिर काय आहे ते आधी पाहावे. २३० व्होल्टवर स्वतंत्रपणे जोडलेल्या उपकरणांत ज्याचा रोध कमी ते जास्त तापते. एकामागोमाग जोडलेल्या भागांतून मात्र एकच धारा वाहते, तेव्हा जास्त रोधाचा भाग जास्त तापतो. गिझरच्या प्लगची पिन ढिली असेल आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला, तर त्या इवल्याशा जागेत सुमारे ३६ वॅट उष्णता निघत राहते. दुरुस्तीवाल्याच्या हातातले नेहमीचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे सॉकेट का वितळते ते उमगते. प्लग गरम लागला तर दुर्लक्ष करणे धोक्याचेच.

हेच गणित वीजवाहिन्यांनाही लागू पडते. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची एकदिश वाहिनी अधिक-उणे ५०० किलोव्होल्टवर १,५०० मेगावॅट वाहून नेऊ शकते. दोन तारांमधला दाब ५०० किलोव्होल्टच्या दुप्पट असल्याने त्यासाठी १,५०० अँपिअर धारा पुरते. तेवढीच शक्ती २३० व्होल्टवर पाठवायची तर ६५ लाख अँपिअर लागतील. तारेतली उष्णता धारेच्या वर्गाने वाढत असल्यामुळे अशी वाहिनी बांधताच येणार नाही.

मोजताना दोन पथ्ये पाळावी लागतात. अँपिअरमापकाचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो. तो दाब मोजल्यासारखा सॉकेटच्या दोन टोकांना लावला, तर प्रचंड धारा वाहून अपघात होतो. घरच्या विजेवर क्लॅम्प मीटर बरा, पण तो एकाच वायरभोवती लावावा. दुसरे पथ्य असे, की रोध उपकरण चालू असतानाच्या दाब-धारेवरून काढावा. ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध हिशेबाने सुमारे ८८० ओहम येतो, पण थंड बल्बला मल्टिमीटर लावला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिसतो. टंगस्टनची तार तापते तसा तिचा रोध वाढतो. गिझर-इस्त्रीतल्या नायक्रोममध्ये हा फरक फार थोडा.

पंखा, मिक्सर, पंप यांच्या मोटरींना हा हिशेब जसाच्या तसा लागत नाही. प्रत्यावर्ती विजेवर त्यांची धारा दाबाच्या मागे पडते. त्यामुळे दाब आणि धारेच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते, आणि तो मोटरींच्या बाबतीत एकाहून कमी असतो. भागाकाराने येणारा आकडाही तिथे नुसता तारेचा रोध नसतो. वेटोळ्यांचा चुंबकीय विरोध त्यात मिसळलेला असतो.