कापडी पिशवीचा हिशेब

महाराष्ट्रांत बाजारहाटाच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर २०१८ सालीं बंदी आली. २००५ च्या जुलैंत मुंबई जलमय झाली, तेव्हां गटारें तुंबविण्यांत या पिशव्यांचाहि वाटा होता.

परंतु नवी कापडी पिशवी विकत घेतली कीं कर्तव्य संपलें, असें नव्हे. कापूस पिकविण्यास पाणी व खत, कापड विणण्यास इंधन लागतें. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेनें २०११ सालीं मांडलेल्या हिशेबाप्रमाणें, सुती पिशवी १३१ वेळां वापरावी, तेव्हां कोठें ती हवामानाच्या दृष्टीनें एकदांच वापरलेल्या प्लॅस्टिक पिशवीहून सरस ठरते. रोज मंडईंत नेली, तरी चार महिन्यांहून अधिक काळ झाला! जुन्या चादरीची पिशवी घरींच शिवल्यास मात्र नवा कापूस लागतच नाहीं.

तेव्हां पिशव्यांचा संग्रह करूं नये. एकच पिशवी दाराशेजारच्या खुंटीवर टांगावी आणि ती विरेपर्यंत वापरावी.